पत्र, पाकीट आणि मोबाइल

“मोबाइल आपले बोलणे चोरून ऐकतो का हो?” हा प्रश्न हल्ली शिक्षकांच्या खोलीत, एसटीत, लग्नघरात कोठेही ऐकू येतो. सकाळी घरात मिक्सर घेण्याविषयी बोलणे झाले आणि संध्याकाळी मोबाइलच्या पडद्यावर मिक्सरच्या जाहिराती दिसू लागल्या, असा अनुभव सांगणारे पुष्कळ भेटतात. विद्यार्थीही हाच प्रश्न विचारतात आणि त्यांना ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर हवे असते.

अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली या शंकेची तपासणी केली. सतरा हजारांहून अधिक ॲप्स त्यांनी पारखून पाहिली. गुपचूप बोलणे नोंदवून बाहेर पाठवणारे एकही ॲप त्यांना आढळले नाही. (पडद्यावर काय चालले आहे याची चित्रे बाहेर पाठवणारी काही मात्र आढळली.) एखाद्याच्या मोबाइलमध्ये हेरगिरीसाठी मुद्दाम घुसवलेली सॉफ्टवेअरे असतात, पण तो प्रकार निराळा. सर्वसामान्य माणसाला दिसणाऱ्या जाहिरातींसाठी त्याचे बोलणे ऐकण्याची गरजच पडत नाही. का पडत नाही, हे समजून घ्यायचे तर मोबाइल बाजूला ठेवून आपल्याला टपाल खात्यापासून सुरुवात करावी लागेल.

बंद मजकूर, उघडा पत्ता

कोणत्याही पत्राचे दोन भाग असतात. आतला मजकूर आणि पाकिटावरचा पत्ता. मजकूर ज्याला लिहिला त्याच्यासाठी असतो. पत्ता मात्र पोस्टमनसाठी असतो, म्हणजे तो परक्या माणसाने वाचावा म्हणूनच लिहिलेला असतो. पत्ता, पाठवणाऱ्याचे नाव, टपाल खात्याच्या शिक्क्यावरचे गाव आणि तारीख, पाकिटाचे वजन या साऱ्या गोष्टी पाकीट न फोडता कळतात.

भारतात १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे पोस्टकार्ड सुरू झाले, तेव्हा स्वस्ताईसाठी लोकांनी मजकूरही उघडा ठेवणे पत्करले. ज्यांना तसे नको होते ते पाकीट वापरत. याच सुमारास, १८७८ साली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात हा फरक कायद्याच्या भाषेत मांडला. बंद पत्र घरातल्या कागदपत्रांइतकेच सुरक्षित, ते वॉरंटाशिवाय उघडता येणार नाही. पण त्याचे बाह्यरूप आणि वजन पाहायला हरकत नाही. पुढच्या दीडशे वर्षांत खासगीपणाविषयी जे वाद झाले, त्यांतले बरेच या एका रेषेभोवती फिरत राहिले.

बाहेरून दिसणाऱ्या गोष्टी किरकोळ असतात, हे त्या काळी बऱ्याच अंशी खरे होते. पण पूर्णपणे खरे तेव्हाही नव्हते. आपल्याकडे तारवाला दारात आला की तार वाचण्याआधीच घरात रडारड सुरू होई. तारेत काय लिहिले आहे हे कोणालाच ठाऊक नसे. तार आली एवढ्यावरून घरचे लोक समजून घेत. उलट, पाकिटाच्या कोपऱ्यांवर हळदकुंकवाची बोटे दिसली की ती लग्नाची पत्रिका, हे न उघडता कळे. मजकूर न वाचताही बातमी कळते, हे आपल्या लोकांना चांगले माहीत होते.

मधला माणूस

तारयंत्राने मजकूर आणि पत्ता यांतला पडदा काढून टाकला. तार पाठवायची तर ती खिडकीतल्या कारकुनाने वाचायलाच हवी, शब्द मोजायलाच हवेत. व्यापारी त्यावर उपाय म्हणून सांकेतिक शब्दांचे कोश वापरत. एका शब्दात एक वाक्य बसल्याने पैसे वाचत आणि भावही फुटत नसे. १८८५ च्या भारतीय तार कायद्याने मजकूर बेकायदा फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला शिक्षा ठेवली. त्याच कायद्याने सार्वजनिक आणीबाणी किंवा सुरक्षिततेच्या कारणासाठी संदेश अडवण्याचा अधिकार सरकारला दिला. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली आणि २०२३ साली दूरसंचाराचा नवा कायदा संमत झाला. संदेश अडवण्याचा अधिकार त्यातही आहे.

टेलिफोनमध्येही आरंभी मधला माणूस होताच. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे १८८२ साली टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली. ग्राहकाने फोन उचलला की ऑपरेटर विचारी, ‘कोण हवे?’ आणि हाताने तार जोडून देई. त्याला बोलणे ऐकू येऊ शके आणि कोण कोणाला फोन करतो हे तर त्याला माहीत असेच.

हा मधला माणूस काढून टाकण्याचे श्रेय ॲल्मन स्ट्रोजर या अमेरिकी गृहस्थाकडे जाते. त्याचा धंदा होता अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा. गिऱ्हाइकांचे फोन ऑपरेटर आपल्या प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्याला संशय होता, अशी कथा सांगतात. १८९१ साली त्याला स्वयंचलित एक्स्चेंजचे पेटंट मिळाले आणि पुढच्याच वर्षी ला पोर्ट या गावी तसले पहिले एक्स्चेंज उभे राहिले. आता क्रमांक फिरवला की यंत्रच जोडणी करी.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ऑपरेटर गेला, त्यामुळे बोलणे अधिक खासगी झाले. पण ‘कोणाला’ ही माहिती आता आकड्यांच्या रूपात, यंत्राला कळेल अशी तयार होऊ लागली. सुरुवातीची यंत्रे ती जपून ठेवत नसत. मीटर फक्त कॉल मोजी. जुन्या बिलांत ‘एकूण कॉल इतके’ एवढेच येई आणि त्यावरून ग्राहकांचे वाद होत. इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आल्यावर क्रमांक, तारीख, वेळ आणि मिनिटे यांची यादी छापून मिळू लागली. ग्राहकांच्या सोयीसाठीच ती आली. पण पाकिटावरच्या पत्त्यांची वही तेव्हापासून आपोआप लिहिली जाऊ लागली.

पत्त्यांवरून युद्ध

या वहीची किंमत सैन्यांनी सर्वांत आधी ओळखली. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधील ब्लेचली पार्क येथे जर्मन सैन्याचे सांकेतिक बिनतारी संदेश उलगडण्याचे काम चाले. गॉर्डन वेल्चमन हा केंब्रिजचा गणिती तेथे गेला तेव्हा त्याच्याकडे आरंभी काम आले ते मजकुराचे नव्हे, संदेशांच्या माथ्यावरच्या उघड्या खुणांचे. कोणते केंद्र कोणत्या केंद्राशी, केव्हा आणि किती वेळा बोलते, एवढ्यावरून शत्रूच्या तुकड्यांची रचना कळू शकते, हे त्याने ओळखले. एका केंद्राकडून अनेकांकडे संदेश जात असतील तर ते मुख्यालय. एखाद्या भागात संदेश एकाएकी वाढले तर तेथे हालचाल. संदेशाचा एक शब्दही उलगडलेला नसताना हे सांगता येते.

आपल्याकडे याच तत्त्वाचा निरुपद्रवी अवतार घरोघरी झाला. ‘पोचलास की मिस्ड कॉल दे’, हे वाक्य आठवून पाहा. मिस्ड कॉलमध्ये मजकूर शून्य असतो. कोणाचा आणि केव्हा, एवढेच असते. तरी निरोप पुरा पोचतो.

मजकुराला कुलूप

मजकूर सुरक्षित करण्याचा प्रश्न मात्र गणिताने फार सुंदर रीतीने सोडवला. सांकेतिक लिपीची जुनी अडचण अशी की दोघांकडे एकच किल्ली हवी आणि ती किल्ली एकमेकांना आधी गुपचूप पोचवायला हवी. १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी दाखवले की अशी गुप्त भेट न होताही गुपित राखता येते. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी त्याची एक व्यवहार्य रीत दिली.

कल्पना अशी करा. एका बाईंनी आपली उघडी कुलुपे गावभर वाटून टाकली आणि किल्ली घरी ठेवली. ज्याला त्यांच्याकडे काही पाठवायचे असेल त्याने पेटीत घालून ते कुलूप दाबून लावावे. लावणे कोणालाही जमते. उघडणे फक्त बाईंना. असे कुलूप गणितात कसे बनवायचे? वर्गात ५३ आणि ६१ या मूळ संख्यांचा गुणाकार करायला सांगा. ३२३३ हे उत्तर मिनिटात येईल. दुसऱ्या वर्गात नुसती ३२३३ ही संख्या देऊन तिचे अवयव पाडायला सांगा, तास सरेल. शेकडो अंकी संख्यांच्या बाबतीत हे काम आजच्या संगणकांच्याही आवाक्याबाहेर जाते.

१९९१ साली फिल झिमरमन यांनी अशी कुलुपे सामान्य संगणकधारकांना उपलब्ध करून दिली. एप्रिल २०१६ मध्ये व्हॉट्सॲपने आपल्या सर्व संदेशांना या जातीचे कुलूप लावल्याचे जाहीर केले. मजकूर आता पाठवणारा आणि घेणारा यांच्याच मोबाइलमध्ये उघडतो. मधली कंपनीही तो वाचू शकत नाही. इतिहासात प्रथमच कोट्यवधी सामान्य माणसांच्या हाती राजेरजवाड्यांनाही लाभले नव्हते असे बंद पाकीट आले.

परंतु पत्त्याला कुलूप लावता येत नाही. लावले तर पत्र पोचवायचे कोणी आणि कोठे? कोण कोणाशी, केव्हा, किती वेळा बोलले हे मधल्या यंत्रणेला कळल्याशिवाय निरोप पोचत नाही. डेव्हिड चौम या संशोधकाने १९८१ साली यावर ‘पाकिटात पाकीट’ अशी युक्ती सुचवली. पत्र अनेक मध्यस्थांमार्फत जावे, प्रत्येकाने एकच पाकीट फोडावे आणि फक्त पुढचा पत्ता पाहावा. या तत्त्वावरच्या व्यवस्था आज चालू आहेत, पण वळसे पडल्याने त्या मंद असतात आणि रोजच्या व्यवहारात फार थोडे लोक त्या वापरतात.

चालते पाकीट

मोबाइलमुळे पाकिटावर आणखी एक ओळ वाढली, ‘कोठे’. भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता आणि दिल्ली यांच्या दरम्यान झाला. मोबाइलची व्यवस्था अशी असते की सारा प्रदेश लहान लहान विभागांत वाटलेला असतो आणि प्रत्येक विभागात एक टॉवर असतो. आपल्याला कॉल आला तर घंटा कोणत्या टॉवरमार्फत वाजवायची हे कंपनीला ठाऊक हवे. म्हणून आपण बोलत नसतानाही मोबाइल मधून मधून ‘मी येथे आहे’ असे कळवत राहतो. यात लबाडी काही नाही. असे केले नाही तर घंटा वाजणारच नाही.

याबाबत एक गैरसमज दूर करायला हवा. जीपीएसच्या उपग्रहांना आपण कोठे आहोत हे मुळीच कळत नाही. ते आकाशवाणीसारखे नुसते प्रक्षेपण करतात. मोबाइल ते ऐकून आपली जागा स्वतः मोजतो. ती जागा पुढे कोणाला सांगायची हे मोबाइलमधली ॲप्स आणि आपण दिलेल्या परवानग्या ठरवतात. टॉवरचे मात्र तसे नाही. ‘लोकेशन’ बंद केले तरी टॉवरला आपला विभाग कळतोच.

या नोंदी एकत्र केल्यावर काय दिसते, हे जर्मनीतील राजकीय कार्यकर्ते माल्टे श्पिट्झ यांनी जगाला दाखवले. आपल्याविषयीच्या नोंदी मिळाव्यात म्हणून त्यांना आपल्या टेलिफोन कंपनीवर दावा लावावा लागला. २००९-१० मधील सहा महिन्यांच्या पस्तीस हजारांहून अधिक नोंदी त्यांना मिळाल्या. २०११ साली एका वृत्तपत्राने त्या नकाशावर मांडल्या, तेव्हा श्पिट्झ केव्हा आगगाडीत होते, कोठे झोपले, कोणत्या सभेला गेले हे कोणालाही पाहता येऊ लागले. संभाषणाचा एक शब्दही त्यात नव्हता.

‘नाव काढून टाकले म्हणजे झाले’, असे यावर कोणी म्हणेल. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पंधरा लाख लोकांच्या निनावी नोंदी तपासल्या गेल्या. एखादा माणूस कोणत्या तासाला कोणत्या टॉवरजवळ होता अशा फक्त चार जागा ठाऊक असतील, तर शंभरापैकी पंच्याण्णव जणांच्या नोंदी इतर सर्वांपासून वेगळ्या ओळखू येत होत्या. घर, शाळा, बाजार, सासर अशा चार जागा झाल्या की माणूस सापडला.

२००८ साली ॲप्सची दुकाने उघडली आणि मोबाइलचे पाकीट वाचणारे पोस्टमन शेकड्यांनी वाढले. संकेतस्थळाला आपला ग्राहक ओळखता यावा म्हणून लू माँटुली यांनी १९९४ साली ‘कुकी’ ही छोटी खूणचिठ्ठी काढली होती. दुकानातली टोपली लक्षात ठेवण्यासाठी केलेली ही सोय पुढे एका दुकानातून दुसऱ्या दुकानापर्यंत माग काढण्यासाठी वापरली गेली. मोबाइलमध्ये त्याच कामासाठी जाहिरातीचा क्रमांक आला. अँड्रॉइड मोबाइलवर २०१५ पर्यंत ॲप घेतानाच सगळ्या परवानग्या एकदम द्याव्या लागत. त्यानंतर कॅमेरा, जागा, संपर्कयादी यांसाठी वेगवेगळे विचारणे सुरू झाले.

आता मिक्सरचे कोडे सुटते. आपण बोललो, पण घरातल्या कोणी तरी मिक्सरचे भाव पाहिले असतील. दोन्ही मोबाइल एकाच घरात, एकाच वायफायवर रात्र काढतात. शेजारणीने गेल्या आठवड्यात मिक्सर घेतला आहे आणि तिचा क्रमांक आपल्या यादीत आहे. शिवाय जाहिरात चुकली की ती आपल्या लक्षात राहत नाही, जुळली की राहते. मजकूर ऐकण्याची गरज कोठेच पडली नाही.

कायद्याचा उशीर

कायदा मात्र फार काळ १८७८ च्या रेषेवरच थांबला होता. १९६७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टेलिफोनवरच्या संभाषणाला संरक्षण दिले. पण १९७९ साली त्याच न्यायालयाने ठरवले की फिरवलेले क्रमांक ग्राहकाने आपण होऊन कंपनीला सांगितलेले असतात, त्यांना ते संरक्षण नाही. ही रेषा हलली ती २०१८ साली. एका आरोपीच्या १२७ दिवसांतल्या १२,८९८ जागा पोलिसांनी वॉरंटाशिवाय मिळवल्या होत्या. इतकी माहिती म्हणजे नुसते पाकीट नव्हे, असे न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले.

आपल्याकडची कथाही याच वळणाची आहे. उत्तर प्रदेशातील खरक सिंग यांना दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सोडले होते, तरी पोलीस त्यांच्यावर पाळत ठेवत, रात्री घरी येऊन दार ठोठावत. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या घरभेटी बेकायदा ठरवल्या. बाहेर त्यांच्या येण्याजाण्यावर नजर ठेवण्यात मात्र बहुमताला गैर दिसले नाही. म्हणजे घर हे पत्र आणि रस्ता हे पाकीट. डिसेंबर १९९६ मध्ये न्यायालयाने टेलिफोन चोरून ऐकण्यावर नियम घालून दिले. अखेर निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. निर्विकार वाटणाऱ्या नोंदी एकत्र केल्या की माणसाचा स्वभाव, आरोग्य, मैत्री उघडी पडते, याची दखल त्या निकालात आहे.

२०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी त्यांनी दीड वर्षाची मुदत ठेवली. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवून जाहिराती करू नयेत, असे हा कायदा सांगतो. शाळांना काही ठरावीक कामांपुरती सवलत आहे. म्हणून हा विषय नागरिकशास्त्राच्या पुस्तकापुरता राहत नाही. विद्यार्थ्यांचे पत्ते, जन्मतारखा, हजेरी आणि छायाचित्रे ज्या गटांत आणि ॲप्समध्ये आपण रोज टाकतो, ती त्या मुलांची पाकिटे आहेत आणि ती आपल्या हातून जातात.

वर्गात करून पाहण्याजोगे

आठवी ते दहावीच्या वर्गात हा खेळ घेऊन पाहावा. फळ्यावर एका काल्पनिक माणसाच्या नोंदी लिहा. सोमवारी सकाळी ९.१० ला एका रुग्णालयाला फोन, ११ मिनिटे. ९.२५ ला आईला, ४० मिनिटे. १०.१० ला मुख्याध्यापकांना, २ मिनिटे. दुपारी बँकेच्या कर्जविभागाला, १५ मिनिटे. पुढचे आठ दिवस मोबाइल मुंबईत परळच्या टॉवरजवळ. मुलांना विचारा, काय झाले असेल?

बहुतेक मुले आजारपणाचा आणि पैशांच्या ओढगस्तीचा अंदाज करतील. मग विचारा, आजारी कोण? तो स्वतः, पत्नी, की गावातला मित्र? की हा माणूस नातेवाइकाला केवळ सोबत करायला गेला? येथे मुलांची उत्तरे फुटतात आणि पाकिटावरून काढलेला निष्कर्ष किती ठाम वाटतो आणि किती चुकू शकतो हे त्यांना आपले आपण दिसते. हाच निष्कर्ष विमा कंपनीने किंवा नोकरी देणाऱ्याने काढला तर काय होईल, हा पुढचा प्रश्न त्यांच्याकडूनच येईल. ‘माझ्याकडे लपवण्यासारखे काय आहे?’ असे म्हणणाऱ्यांनाही हा खेळ दाखवावा. या माणसाने लपवण्यासारखे काहीच केलेले नाही.

या नोंदींचा चांगला उपयोगही आहे. अपघातग्रस्ताचा ठावठिकाणा लावायला आणि गुन्ह्याचा छडा लावायला त्या कामी येतात. म्हणून त्या असूच नयेत, असे आम्ही म्हणत नाही. आणि वर पाहिल्याप्रमाणे त्यांच्याशिवाय मोबाइलची घंटाही वाजणार नाही. मजकुराचा प्रश्न गणिताने सोडवला, तसा हा सुटण्यासारखा नाही. नोंद कोणी ठेवायची, किती दिवस ठेवायची, कोणाला दाखवायची आणि केव्हा पुसायची, हे माणसांनी बसून ठरवायचे आहे. शाळेपुरते ते ठरवायला पुढच्या शिक्षक-पालक सभेत सुरुवात करता येईल. आपल्या शाळेच्या गटांत आणि ॲप्समध्ये मुलांविषयी कोणती माहिती आहे, ती कोण पाहू शकते आणि मूल शाळा सोडून गेल्यावर तिचे काय होते, याची एक यादी प्रथम करून पाहावी.